घमेल्याचे डफडे

चांगुणाबाईंच्या डफड्याला लाकडाचे कडे नव्हते. ते लोखंडाचे होते, आणि दुष्काळी कामावरच्या घमेल्याचे होते. बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळात ताडकळसच्या बाजूला रस्त्यासाठी खडी फोडणे चालू होते. खडी वाहून वाहून त्या घमेल्याचा तळ झिजला, फाटला, आणि मुकादमाने ते कडेला फेकून दिले. चांगुणाबाईंनी ते डोक्यावर टोपीसारखे घालून घरी आणले. उरलासुरला तळ छिन्नीने काढला, कडे दगडावर ठोकून गोल केले आणि बाजारातल्या खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे कातडे ओले असतानाच त्यावर ताणून दोरीने आवळले. कड्याला एका अंगाला पोचा होता. तो त्यांनी काढला नाही. अंगठा तिथे बरोबर बसतो, असे त्या म्हणत.

उंबरवाडीच्या बौद्ध वस्तीत त्यांचे घर होते. त्या शेतमजूर, नवरा आश्रुबाही शेतमजूर. बुटक्या बांध्याच्या, जाड आवाजाच्या आणि समोरच्याचे बोलणे पूर्ण झाल्याशिवाय उत्तर न देणाऱ्या. त्यामुळे त्यांना मंद समजणारेही काही लोक होते. पुढे त्यांचा तो समज गेला.

त्यांचे माहेर मानवतच्या जवळ. वडील गावाचे डफडे वाजवीत. लग्न असो, दवंडी असो, पोळ्याला बैल मिरवायचे असोत, गावाचा हुकूम आला की भाकरी टाकून उठायचे, हा दस्तूर होता. वाजवणे पुरुषांचे काम. पण डफडे तापवणे घरातल्या मुलांचे. कातडे थंडीत आणि पावसाळी हवेत सैल पडते. मग काडाचा जाळ करून त्यावर डफडे फिरवावे लागते. चांगुणाबाई लहानपणी हेच करीत. आता, तापले की नाही हे नुसते पाहून कळत नाही, त्यासाठी टिपरी मारून पाहावी लागते. वडील अंघोळ करून येईपर्यंत ती मुलगी जाळापाशी बसून टिपरी मारून पाहत असे, आणि पाहता पाहता तिला सगळे येऊ लागले. कुणी शिकवले नाही म्हणून कुणी अडवलेही नाही.

छप्पन्न साली धर्मांतर झाले आणि गावोगावच्या वस्त्यांनी गावकीची कामे सोडली. मेलेली ढोरे ओढायची नाहीत, दारोदार भाकरी मागायची नाही, डफडे वाजवायचे नाही. उंबरवाडीत त्या वेळी सिताराम हे वस्तीचे कर्ते गृहस्थ होते. आसपासच्या गावांत त्यांच्या हातासारखा हात नव्हता असे जुने लोक सांगत. त्यांनी सगळ्यांची डफडी गोळा करून वस्तीसमोरच्या माळावर ढीग घातला, आपले सर्वांत वर ठेवले आणि काडी लावली. चांगुणाबाई लग्न होऊन उंबरवाडीत आल्या तेव्हा त्या जागेची माती अजून काळी होती.

गायन पार्टी जन्माला आली ती खडीच्या ढिगांवर. सूर्यभान हा सातवीपर्यंत शिकलेला तरुण कामावर हजेरी घेई, आणि ती तो गाण्यासारखी घेई. एकेका नावाला चाल लावायचा, मधूनच एखादी ओळ स्वतःची घालायचा. दुपारच्या सुट्टीत तो असाच काहीतरी गुणगुणत होता आणि मागून ताल आला. पालथ्या घमेल्यावर, बाभळीच्या दोन काटक्यांनी.

कामावर पंडित नावाचा ताडकळसचा एक गडी होता. तो परभणीच्या एका कव्वाली पार्टीत बुलबुल तरंग वाजवून आलेला. त्या वाद्याला सगळे बेंजोच म्हणत. तो भाकरी हातात धरून उभा राहिला.

“कोण वाजवायलंय हे?”

बाया हसू लागल्या. एकीने बोट दाखवले. “ही चांगुणा. हिच्या बापाचं डफडं होतं.”

“मंग हिच्या भावाला लय चांगलं येत असंल.”

“भावाला न्हाई येत,” चांगुणाबाई म्हणाल्या. “भाऊ शाळंत गेला. मी जाळापाशी बसले.”

असे ते तिघे आणि आश्रुबा एकत्र आले. सूर्यभान शब्द रची आणि गाई. चांगुणाबाई ताल धरीत. आश्रुबा झांज घेऊन मागे उभे राहत आणि ओळ उचलून धरीत. पंडितने तर मानवतच्या भंगार बाजारातून टेलिफोनच्या फुटक्या रिसीव्हरमधला एक तुकडा पैदा केला, तो बेंजोच्या पाठीला चिकटवला आणि त्याची तार बॅटरीवर चालणाऱ्या भोंग्याला जोडली. त्यातून जो आवाज निघाला तो पूर्वी कुणी ऐकलेला नव्हता. बेंजोचा गोडवा त्यात उरला नव्हता. कापड फाडावे तसा तो सूर अंगावर यायचा. पंडितला वाटले बिघडले. सूर्यभान म्हणाला, “बिघडू दे. गोड आवाजात आपलं एकबी गाणं बसत न्हाई.”

पहिला कार्यक्रम उंबरवाडीतच ठरला, त्र्याहत्तरच्या चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी. चांगुणाबाईंनी घमेल्याचे डफडे पदराआडून काढले आणि अजून टिपरी पडलीही नव्हती तोच सिताराम उठून उभे राहिले.

“थांबवा. ही चीज आपण जाळलेली हाय.”

चांगुणाबाई म्हणाल्या, “बाबा, तुमी जाळलं ते गावाचं होतं. हे दुष्काळाचं हाय.”

“चामडं ते चामडंच. आमी शपथ घेतलीय.”

“तुमी बाप्यांनी घेतली. आमच्या हातात कुणी कवा डफडं दिलंच न्हवतं, मंग आमी सोडायचं काय?”

बायांच्या बाजूला दबका हशा झाला. सिताराम हसले नाहीत. ते रागावलेही नव्हते. त्यांना जे दिसत होते ते इतरांना दिसत नव्हते, एवढेच. ते म्हणाले, “आज तू खुशीनं वाजवशील. उद्या गाव म्हणंल, यांच्यात वाजतंय की, मंग आमच्या दारात का न्हाई? जे सोडायला आमाला पिढ्या लागल्या, ते एका टिपरीनं माघारी यील. तवा काय सांगशील?”

“तवाचं तवा सांगीन, बाबा.”

सिताराम सभेतून निघून गेले. त्यांच्यानंतर आणखीही काही वयस्कर उठले. चांगुणाबाईंनी ते जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग पहिली टिपरी मारली. त्या दिवसापासून वस्तीत डफडे वाजू लागले की सिताराम रानाकडे चालू लागत, आणि आवाज थांबल्यावरच परतत.

वर्षभरात पार्टीचे नाव पसरले. खरे नाव ‘प्रबुद्ध गायन पार्टी’ असे ठेवलेले होते; लोकांच्या तोंडी ते कधीच बसले नाही. लोक म्हणत, घमेलं पार्टी. कुठल्या नेत्याची तसबीर त्यांच्या मागच्या कापडावर नसे, कुणाच्या सांगण्यावरून गाणे बदलत नसे. जिल्ह्याच्या एका पुढाऱ्याने आपल्या सभेआधी गाण्यासाठी जीप पाठवली होती. गाण्यात एका ठिकाणी आपले नाव घालावे, एवढीच त्याची अट. सूर्यभानने ओळ दोनदा म्हणून पाहिली आणि जीपवाल्याला सांगितले, “सायबांचं नाव लय जड हाय. ओळ मोडायलीय.” जीप रिकामी परत गेली आणि मंडळी पायी दुसऱ्या गावाला गाण्यासाठी निघाली.

पार्टीच्या मागे माणसे हिंडू लागली. त्यांत राणीसावरगावची दगडाबाई ही सर्वांत पुढे. शेतमजूर बाई, एकटी, तोंडाने फटकळ. कार्यक्रम कुठे आहे हे तिला पार्टीच्या आधी कळे, आणि मिळेल त्या एसटीने, नाहीतर पायी, ती तिथे हजर होई. एकदा तिने स्वतःचे फुटके घमेले सोबत आणले आणि गाणे रंगात आल्यावर पुढे बसून दगडाने वाजवायला सुरुवात केली, तीही भलत्याच ठिकाणी. पंडितची बोटे अडखळली. चांगुणाबाईंनी गाणे थांबवले.

“दगडाबाई, माझ्या हाताकडं बघा. सूर्यभानच्या तोंडाकडं काय हाय?”

“तोंड बरं हाय त्याचं,” दगडाबाई म्हणाली. “पर बघते हाताकडं.”

पुढच्या वेळी तिच्यासोबत आणखी काही बाया घमेली घेऊन आल्या. दुष्काळी कामाने प्रत्येक गावात अशी बिनकामाची घमेली मागे ठेवलीच होती. मग ती रीतच पडली. पार्टीचे सर्वांत गाजलेले गाणे सुरू झाले की समोरून घमेल्यांचा गजर उठे:

खडी आमी फोडली, रस्ता झाला तुमचा
त्याच रस्त्यानं आता, पाय चालतो आमचा

कुणब्यांची तरणी पोरेही अंधुक उजेडात बैलगाडीच्या आडोशाला हे ऐकत उभी राहत. घरी गेल्यावर सांगत नसत.

सितारामांनी वर्तवले होते ते चौऱ्याहत्तरच्या पोळ्याच्या तोंडावर घडले. उंबरवाडीचे मोठे जमीनदार तात्याराव. वस्तीतल्या बहुतेकांचे काम त्यांच्या रानात आणि दळण त्यांच्या गिरणीत. धर्मांतरानंतर पोळ्याला बाहेरगावची वाजंत्री मोल देऊन आणावी लागे, आणि हे त्यांच्या मनात सलत होते. वाजंत्री मिळत होती, हक्क मिळत नव्हता. एके सकाळी ते स्वतः वस्तीत आले आणि लिंबाखाली उभे राहिले. टाकलेल्या बाजेवर बसले नाहीत.

“आश्रुबा, औंदा पोळ्याला डफडं तुझ्या घरचं.”

आश्रुबा म्हणाले, “मालक, ते आमी सोडलंय. समद्या गावाला ठावं हाय.”

“सोडलंय? ताडकळसला वाजतं, राणीसावरगावला वाजतं. माझा गडी ऐकून आला, मान डोलवत होता म्हणं. मुलखात वाजतं आन् गावात न्हाई, हा कुठला इन्साफ?”

चांगुणाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. “मालक, डफडं माझं हाय. मला इचारा.”

“तुला काय इचारायचं? बाई बैलापुढं चालत न्हाई. तसा दस्तूर न्हाई. आश्रुबा वाजवंल.”

“ह्यांला वाजवता येत न्हाई. हे झांज वाजवतात, आन् तीबी मी डोळे वटारले की.”

कुणीतरी फिस्सकन हसले. आश्रुबाही हसले. तात्यारावांची नजर मात्र वस्तीवरून फिरत सितारामांच्या दाराशी थांबली. सिताराम उंबऱ्यात उभे होते.

“वाजवणारे हात अजून हायेत वस्तीत,” तात्याराव म्हणाले.

चांगुणाबाईंनी त्यांचे बोलणे संपू दिले. मग म्हणाल्या, “गाण्यात वाजतं ते आमच्या खुशीनं. पोळ्यात वाजंल ते तुमच्या हुकमानं. ते काम सोडलंय मालक, त्याला आता इलाज न्हाई.”

“आन् हुकूम न्हाई, इनंती हाय असं म्हटलं तर?”

“इनंती आसती तर मला इचारलं आसतं.”

तात्याराव वळले. जाताना शांतपणे म्हणाले, “मूग तोडायला माझ्या रानात कोणी येऊ नका. गिरणीतबी न्हाई.”

त्या दिवशी वस्तीची बैठक बसली. बोलणे फिरून फिरून एकाच जागी येत होते: एका डफड्यापायी सगळ्यांच्या चुली का थंड करायच्या? मुगाचा हंगाम म्हणजे पुढच्या महिन्यांचे पोट. एक जण म्हणाला, “छप्पन्न साली जे केलं तेच करू. जाळून टाकू. डफडंच न्हाई म्हटल्यावर मालक तरी काय मागंल?” काही माना हलल्या. सगळ्यांनी सितारामांकडे पाहिले, कारण हे बोलणे त्यांचेच होते.

चांगुणाबाईंनी घरातून डफडे आणून मध्ये ठेवले.

“जाळा. कातडं जळंल. कडं लोखंडाचं हाय, ते ऱ्हाईल. उद्या मी दुसरं कातडं आनीन.”

कुणी काडी काढली नाही. त्या पुढे बोलू लागल्या, आणि त्यांना एवढे बोलताना वस्तीने प्रथमच ऐकले. “मालक म्हणतो वाजव, तुमी म्हणता वाजवू नको. दोघंबी माझ्या हातावरच बोलायलाव. मालकाच्या भेवानं वाजवलं तर ती चाकरी. अन् मालकाच्या भेवानं न्हाई वाजवलं, तर ती कोणती इज्जत?”

सितारामांनी विचारले, “पोळ्याला वाजवणार हायेस तू?”

“वाजवणार. बैलं तोरणाखालून जातील त्याच वक्ताला. पर आपल्या वस्तीत, आपल्या गाण्याला.”

सिताराम उठून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. बैठक तशीच मोडली.

वस्तीसाठी गिरणी बंद झाली आणि घरोघर जुनी दगडी जाती पुन्हा फिरू लागली. कामासाठी माणसे दूरच्या शिवारात जाऊ लागली. सूर्यभान आणि पंडितने ताडकळसच्या बाजारात एवढेच सांगितले की पोळ्याला घमेलं पार्टी उंबरवाडीत गाणार आहे, आणि तिथल्या वस्तीला गिरणी बंद आहे. दुसरे काही सांगावे लागले नाही.

पोळ्याच्या दुपारी बांधाबांधाने माणसे येऊ लागली. बायांच्या डोक्यावर घमेली होती आणि घमेल्यांत पीठ. ज्वारीचे, बाजरीचे, कुणाचे मिसळलेले. तळाला भोके होती तिथे फडके अंथरले होते. सर्वांत पुढे दगडाबाई. तिने आपले घमेले चांगुणाबाईंच्या दारात रिकामे केले, पालथे करून झटकले आणि त्यावर दगड आपटून पाहिला.

“पीठ हाय तवर पीठ,” ती म्हणाली, “मंग वाजवायला मोकळं.”

तिकडे वेशीत आंब्याच्या पानांचे तोरण लागले. शिंगे रंगवलेले, झुली पांघरलेले बैल जमले. मोलाच्या सनईचा सूर निघाला. इकडे माळावर, जिथे एके काळी डफड्यांचा ढीग जळला होता तिथेच, पंडितने भोंगा बांधला. बेंजोचा फाटका सूर वेशीपर्यंत गेला. सूर्यभानने पहिली ओळ उचलली आणि चांगुणाबाईंनी टिपरी मारली.

डफडे बोलले नाही. श्रावणाची ओली हवा. कातडे मलूल झाले होते. त्यांनी ते जाळावर तापवून घेतले होते, तरी आवाज ओल्या पोत्यावर मारल्यासारखा भद्द निघाला. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा तेच. वेशीच्या बाजूने शिट्टी आली आणि मोठ्याने हसणे आले. “घमेल्याची भाकर थापायलीय,” कुणीतरी ओरडले. आलेल्या बायांनी माना खाली घातल्या. सूर्यभान गात राहिला. पण त्याच्या खालून जमीन काढून घेतल्यासारखे ते गाणे अधांतरी झाले.

तेव्हा सिताराम घरातून बाहेर आले. त्या दिवशी ते रानाकडे गेले नव्हते, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. काठी टेकत ते माळावर आले आणि चांगुणाबाईंच्या समोर थांबले. काठीसकट हात पाठीमागे धरलेले.

“गार हाय.”

“तापवलं की, बाबा.”

“कातडं तापवलंस. तुझ्या बापाचं कडं लाकडाचं होतं, त्याला ते चालत होतं. हे लोखंड हाय. ते गार ऱ्हायलं की कातड्याची ऊब वढून घेतं. आधी कडं तापव. पोच्याच्या अंगानं जास्ती.”

चांगुणाबाईंनी भर सभेत गाणे थांबवले. वेशीतून हसणे चालूच होते. त्या जाळापाशी जाऊन बसल्या आणि डफड्याची कड विस्तवावरून फिरवू लागल्या. सिताराम शेजारी उभे राहिले. त्यांनी डफड्याला बोट लावले नाही. शपथ मोडली नाही. फक्त ऐकत होते. चांगुणाबाई टिपरी मारून पाहत आणि मान वर करीत.

“अजून,” सिताराम म्हणत.

पुन्हा टिपरी.

“अजून.”

सनई मध्येच थांबली होती. बैल तोरणाखाली उभे होते आणि त्यांचे धनी माळाकडे पाहत होते.

टिपरी पडली आणि आवाज माळावरून टणकन उसळून गेला.

“आता,” सिताराम म्हणाले, आणि पहिल्या रांगेत, दगडाबाईच्या शेजारी, मातीवर बसले. ती त्यांना म्हणाली, “बाबा, घमेलं देऊ का?” ते म्हणाले, “तू वाजव. मी ऐकायला आलोय.”

पुढचे सगळे जिल्ह्यात अनेकांनी अनेक प्रकारे सांगितले आहे. बैल दचकून पळाले असेही सांगणारे आहेत. ते खरे नाही. बैल नेहमीसारखे तोरणाखालून गेले. एवढे खरे की त्या संध्याकाळी वेशीतली निम्मी तरणी पोरे माळाच्या कडेला येऊन उभी होती, आणि या वेळी बैलगाडीच्या आडोशाला कुणी लपले नव्हते.

मूग माणसासाठी थांबत नाही. शेंगा रानात तडकू लागल्या तेव्हा तात्यारावांचा गडी वस्तीत निरोप घेऊन आला. काही जण गेले. त्यांना कुणी नावे ठेवली नाहीत. चांगुणाबाई आणि आश्रुबा गेले नाहीत, त्या वर्षीही नाही आणि त्यानंतरही नाही. रोज ताडकळसच्या बाजूच्या रानात लांब चालत जाणे त्यांच्या वाट्याला आले. गिरणी एके दिवशी वस्तीलाही उघडी दिसली. कुणी उघडायला सांगितली, हे कुणी विचारले नाही.

ते दशक संपेपर्यंत पार्टी गात होती आणि दर पोळ्याला उंबरवाडीच्या माळावर कार्यक्रम होत होता. गाणे सुरू होण्याआधी चांगुणाबाई जाळापाशी बसून टिपरी मारीत आणि सितारामांकडे पाहत. त्यांनी “आता” म्हटल्याशिवाय उठत नसत.

एका वर्षी पोळ्याच्या आठवड्यात तात्यारावांचा तोच गडी पुन्हा दारात आला. चांगुणाबाई भाकरी करीत होत्या. तो दारातच अवघडून उभा राहिला.

“बाई, मालकानं इनंती केलीय. औंदा पोळ्याला तुमी वाजवाल का म्हणून. दस्तूर ऱ्हाऊ दे बाजूला, म्हणले, बाई तर बाई.”

चांगुणाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली.

“कुणाला इचारायला सांगितलंय? ह्यांला का मला?”

“तुमालाच इचारायला सांगितलंय, बाई. नाव घेऊन.”

“नाव घेऊन?”

“व्हय. चांगुणाबाईंना इचार, म्हणले.”

त्यांनी भाकरी विस्तवावर टाकली, ती टम्म फुगेपर्यंत पाहिली आणि उतरवून ठेवली.

“मंग मालकाला सांग, चांगुणाबाई न्हाई म्हणल्या. आन् बस, भाकर खाऊन जा.”